गाडी नवी, हातही नवा

नवी स्कूटर दारात आली की हार घातला जातो, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवून झालं की कुणीतरी वडीलधारं माणूस बजावतं, "हजार किलोमीटर होईपर्यंत चाळीसच्या वर न्यायची नाही हं." सल्ला मायेचा असतो आणि त्यात तथ्यही आहे. पण या एका वाक्याने एक समजूत घट्ट रुजवली आहे, की नव्या गाडीत नवं असतं ते इंजिन आणि जपायचं असतं तेही इंजिनच. प्रत्यक्षात टायर नवे असतात, ब्रेकचे लायनर नवे असतात, केबली नव्या असतात, आणि या सगळ्यांइतकाच नवा असतो हँडलवरचा हात. तो हात वीस वर्षं गाडी चालवत असेल, पण ही गाडी त्याने आजच हातात घेतलेली असते. इंजिनाची हेळसांड झाली तर भुर्दंड पडतो, ब्रेक-टायर-हात यांपैकी एकात चूक झाली तर माणूस जातो. रनिंग-इन म्हणजे गाडी आणि तिला चालवणारा या जोडीने एकमेकांत बसणं, असं मानून पहिले हजार किलोमीटर वापरले पाहिजेत, हे या प्रकरणाचं म्हणणं आहे.

चाळीसचा नियम आला कुठून, ते आधी पाहू. १९७२ साली पुण्याजवळच्या आकुर्डीत बनलेली चेतक रस्त्यावर आली, आणि पुढे कितीतरी वर्षं मराठी घरात स्कूटर म्हणजे चेतक हेच समीकरण राहिलं. तिचं इंजिन टू-स्ट्रोक होतं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून भरायचं, आणि जळायला जाणाऱ्या मिश्रणाबरोबर जेवढं ऑइल आत जाईल तेवढंच वंगण पिस्टनच्या वाट्याला यायचं. नव्या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली जागा तंग असते. गाडी दामटली की पिस्टन तापून फुगायचा आणि सिलिंडरच्या भिंतीला धरायचा. "गाडी सीझ झाली" असं लोक म्हणत ते हेच. चालत्या गाडीचं मागचं चाक त्या क्षणी अडकून बसायचं. लांबच्या उतारावर रेस पूर्ण बंद करून गाडी सोडली तर पेट्रोलबरोबर वंगणही आटायचं, म्हणून तेही जोखमीचं. अशा इंजिनाला सुरुवातीचे हजार-दीड हजार किलोमीटर हळू नेणं हे शहाणपणच होतं. त्या पिढीने तो नियम जिवापाड पाळला आणि पुढच्या पिढीच्या हाती दिला. मधल्या काळात इंजिन बदललं, नियम तसाच राहिला.

आजच्या ११० किंवा १२५ सीसीच्या स्कूटरचं इंजिन फोर-स्ट्रोक असतं. त्याच्या तळाशी पाऊण लिटरच्या आसपास ऑइल असतं आणि पंप ते सतत फिरवत राहतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम लागू झाले आणि पेट्रोल किती सोडायचं हे कार्बुरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवू लागली. सीझ होण्याची जुनी भीती त्यामुळे बरीच मागे पडली. उरलं आहे ते पिस्टनच्या रिंगांचं बसणं. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल असं आपल्याला वाटतं, पण ती तशी नसते. कारखान्यात तिच्यावर मुद्दाम बारीक तिरप्या रेघांची जाळी ओढलेली असते. खाचांमध्ये ऑइल टिकून राहतं आणि खाचांमधले उंचवटे रिंगेच्या कडेवर घासून घासून दोघांची गाठ नीट जमते. ही रिंग भिंतीवर दाबली जाते ती थोडी स्वतःच्या ताणाने आणि पुष्कळशी जळत्या वायूच्या दाबाने, कारण तो वायू रिंगेच्या पाठीमागे शिरून तिला बाहेर ढकलतो. म्हणजे रेस अगदीच जपून दिली तर दाब कमी पडतो, रिंग नीट घासत नाही, आणि उंचवट्यांवर जळक्या ऑइलची चकचकीत पुटं चढतात. असं इंजिन पुढे ऑइल खाऊ लागतं. उलट पहिल्याच दिवशी पूर्ण रेस देऊन गाडी दहा-पंधरा किलोमीटर ताणली, तर त्याच बारीक उंचवट्यांवर उष्णता साचते, ऑइलचा थर फाटतो आणि भिंतीवर ओरखडे उठतात. इंजिनाला हवा असतो मध्यम भार, आणि तोही बदलता.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. एक म्हणतो, आता यंत्रावर घडवलेले भाग इतके अचूक असतात की रनिंग-इनची गरजच संपली. दुसरा म्हणतो, रिंगा दाबानेच बसत असतील तर पहिल्या दिवसापासून गाडी पिळून काढावी. पहिल्या आक्षेपात बरंच खरं आहे. अचूकता वाढली, म्हणून घासून बसायचं काम कमी झालं, पण संपलं नाही. पहिल्या सर्व्हिसला काढलेलं ऑइल उन्हात धरून पाहा. काळपट ऑइलमध्ये रुपेरी भुकटीसारखी बारीक चकाकी दिसते. ती घासून निघालेली धातूच आहे. कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये आजही पहिल्या पाचशे ते हजार किलोमीटरसाठी सूचना असतात त्या याच कारणाने. दुसऱ्या आक्षेपात अर्धंच सत्य आहे. दाब हवा हे बरोबर, पण आपल्याकडच्या बहुतेक स्कूटरचं इंजिन पत्र्याच्या आवरणात बंद असतं आणि आतल्या छोट्या पंख्याच्या हवेवर थंड होतं. एप्रिलच्या उन्हात, मागे माणूस बसवून, चढावर पूर्ण रेस हे त्या पंख्यावर फार मोठं ओझं आहे. दाब द्यावा तो थोडा वेळ, मग रेस सोडून इंजिनाला श्वास घेऊ द्यावा.

गंमत अशी, की शहरातलं रोजचं जाणं-येणं हे काम आपसूक करतं. सिग्नल, वळण, पूल, छोटा चढ, पुन्हा सिग्नल, अशी वेग सतत वरखाली होणारी वाट नव्या इंजिनाला मानवते. न मानवणारी वाट म्हणजे हमरस्ता. नवी गाडी घेतली की पहिल्याच रविवारी कुलदैवताला नेऊन आणायची आपल्याकडे रीत आहे. पुण्याहून जेजुरी जवळ, तुळजापूर लांब. श्रद्धेबद्दल वाद नाही, पण डबलसीट, वर सामान, आणि "चाळीसच्या वर नाही" हा नियम पाळत महामार्गावर एका लयीत जाणारी स्कूटर दुहेरी नुकसान करते. एकाच वेगाने तासन्‌तास फिरणाऱ्या इंजिनात रिंगा नीट बसत नाहीत, आणि ऐंशीने येणाऱ्या ट्रक-बसच्या रांगेत चाळीसची स्कूटर ही चालता अडथळा होऊन बसते. मागून येणाऱ्याला ती दिसेपर्यंत अंतर संपलेलं असतं. हळू म्हणजे सुरक्षित ही समजूत इथे उघडी पडते. देवदर्शन महिनाभराने करावं, नाहीतर त्या दिवशी एसटीने जावं.

रनिंग-इनचा प्रश्न इंजिनापुरता नाही याचा सर्वांत सरळ पुरावा इलेक्ट्रिक स्कूटर देते. आकुर्डीच्याच कंपनीने २०२० साली चेतक हे नाव पुन्हा आणलं ते इलेक्ट्रिक गाडीवर. तिला पिस्टन नाही, रिंगा नाहीत, इंजिनाचं ऑइल नाही. मग ती पहिल्या दिवसापासून बिनघोर पळवावी का? नाही. तिचेही टायर साच्यातून निघालेले, वरून गुळगुळीत असतात. नव्या टायरचा पृष्ठभाग थोडा झिजून खरखरीत झाल्याशिवाय त्याची पूर्ण पकड येत नाही, म्हणून सुरुवातीचे शे-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवू नये, ओल्या रस्त्यावर तर नाहीच. तिचेही ब्रेक नवे असतात. ड्रमब्रेकमध्ये अर्धगोल शूवरचा लायनर ड्रमला आतून टेकतो. नवा असताना तो सगळीकडून टेकत नाही, इथेतिथे ठिपक्यांनी टेकतो. दोन-तीनशे किलोमीटरच्या साध्या वापरात तो घासून ड्रमच्या आकाराचा होतो. डिस्कच्या पॅडचंही तेच. त्याआधी तुम्ही लिव्हर कितीही जोरात दाबली तरी ब्रेक आपली खरी ताकद दाखवत नाही. शिवाय नवी केबल ताणली जाते आणि तिचं आवरण जागच्या जागी दबतं, म्हणून पहिल्या आठवड्यात घट्ट वाटणारी ब्रेकची लिव्हर महिनाभरात मुठीच्या जवळ येऊ लागते. चालवणाऱ्याला हे कळत नाही, कारण बदल रोज थोडाथोडा होतो आणि बोटं त्याला सरावत जातात.

आता हाताकडे येऊ, कारण या विषयातला सगळ्यांत भक्कम पुरावा तिथे आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात हॅरी हर्ट या संशोधकाच्या पथकाने दुचाकींच्या सुमारे ९०० अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ साली अहवाल प्रसिद्ध केला. अपघातात सापडलेल्या चालकांना रस्त्यावर चालवण्याचा सरासरी अनुभव जवळजवळ तीन वर्षांचा होता. पण त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना ज्या गाडीवर अपघात झाला त्या गाडीचा अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता. गाडीतला बिघाड कारण ठरल्याचं प्रमाण तीन टक्क्यांहूनही कमी भरलं, आणि त्यातही मुख्य वाटा पंक्चरचा. अपघात टाळण्यासाठी हाताशी मिळालेला वेळ साधारणपणे दोन सेकंदांपेक्षा कमी होता, आणि त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक गच्च दाबून चाक घसरवलं, पुढचा मात्र पुरेसा दाबलाच नाही. ९२ टक्के चालक कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय, स्वतःच किंवा घरच्या-मित्रांच्या मदतीने शिकलेले होते.

कुणी म्हणेल, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या मोटरसायकली, त्यांचा आमच्या नाशिकच्या किंवा सोलापूरच्या स्कूटरशी काय संबंध? आकड्यांचा संबंध मर्यादित आहे, हे कबूल. तिथले रस्ते वेगळे, गाड्या जड. पण कारणाचा संबंध अगदी थेट आहे. दोन सेकंदांत विचार करायला वेळ नसतो, हात सवयीने चालतो, आणि सवय असते ती जुन्या गाडीची. आयुष्यभर गिअरची मोटरसायकल चालवलेला माणूस नव्या स्कूटरवर अचानक संकट आलं की उजवा पाय दाबतो. तिथे ब्रेक नसतो. डाव्या हाताने तो क्लच दाबायला जातो, आणि तिथे मागचा ब्रेक असतो. जुन्या स्कूटरवर डाव्या मुठीत गिअर होते, तिथून आलेल्यालाही हीच अडचण. शिकून तयार झालेला हात नव्या गाडीवर नवशिक्यापेक्षा जास्त फसू शकतो, कारण नवशिका निदान दबकत असतो. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या स्कूटर दिसतात. त्यांच्यावरचा जवळजवळ प्रत्येक पाहुणा त्या गाडीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवसावर असतो, आणि वळणावळणाच्या अनोळखी रस्त्यावर असतो. हर्टचा निष्कर्ष त्याला जेवढा लागू पडतो तेवढा क्वचितच कुणाला पडत असेल.

पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटून पडतो, ही आपल्याकडची पक्की समजूत. तिच्यामुळे कित्येक जण उजव्या लिव्हरला बोटही लावत नाहीत. इथे थोडं गणित करून पाहावं. चालकासकट उभ्या स्कूटरचं साधारण साठ टक्के वजन मागच्या चाकावर असतं. दोन चाकांत अंतर सव्वा मीटरच्या आसपास, आणि गाडी व माणूस मिळून भाराचा मध्य जमिनीपासून सुमारे सत्तर सेंटिमीटर उंच. पृथ्वीच्या ओढीच्या निम्म्या जोराने ब्रेक लावला, तर एकूण वजनाच्या चौथाईहून जास्त भार पुढे सरकतो. मागच्या चाकावर उरतो जेमतेम एक तृतीयांश. ज्या चाकावर भारच नाही ते रस्ता पकडणार कसं? ते घसरतं, आणि गाडी आडवी होते. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. धोका दिसून हात हलेपर्यंतचा एक सेकंद धरला, तर दोन्ही ब्रेक नीट लावून गाडी पुढे आणखी दहाएक मीटरमध्ये थांबते, एकट्या मागच्या ब्रेकने वीसएक मीटर लागतात. ताशी ६० ला हे आकडे अनुक्रमे तेवीस आणि सेहेचाळीस होतात. हे कोरड्या डांबरी रस्त्यासाठी धरलेले अंदाज आहेत, पण दुपटीचा फरक खरा आहे, आणि शाळेतून धावत बाहेर आलेलं पोर त्या फरकातच उभं असतं.

मग माणसं पुढच्या ब्रेकने पडतात ती का? कारण ती तो एकदम दाबतात, वळणात दाबतात, किंवा वाळूवर दाबतात. पुढचा ब्रेक दाबत न्यायचा असतो. आधी हलकेच, इतकं की पुढचा शॉकअॅब्सॉर्बर बसलेला जाणवतो. भार पुढे आला, टायर रस्त्यावर दबला, की मग जोर वाढवायचा. हे वाचून येत नाही, करून येतं. लायनर बसून झाल्यावर, म्हणजे दोन-तीनशे किलोमीटरनंतर, एखाद्या रविवारी सकाळी रिकाम्या मैदानाशेजारच्या रस्त्यावर आधी ताशी वीसला, मग तीसला, मग चाळीसला सरळ रेषेत दोन्ही ब्रेक लावून गाडी थांबवून पाहावी. दहा-बारा वेळा. मग पावसाळ्याच्या तोंडावर ओल्या रस्त्यावर कमी वेगात तेच करावं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या सर्व नव्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं. सीबीएस असलेल्या बहुतेक स्कूटरमध्ये डावी लिव्हर दाबली की मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक थोडा लागतो. ही सोय चांगली आहे, पण "आता डाव्यानेच भागतं" असा अर्थ काढू नये. डावी लिव्हर पुढच्या ब्रेकची थोडीच ताकद वापरते, पूर्ण ताकद उजव्या हातातच असते. आणि सीबीएस चाक घसरणं थांबवत नाही, ते काम एबीएसचं.

बिनगिअरच्या गाडीचा एक धोका मात्र फारसा कुणी सांगत नाही. इंजिन चालू असलेली स्कूटर उभी दिसते, पण ती मनगटाच्या एका वळणावर असते. फूटबोर्डवर पुढे लहान मूल उभं आहे, वडील गेटपाशी थांबून कुणाशी बोलताहेत, इंजिन चालू आहे. मूल तोल सावरायला उजवी मूठ धरतं, मूठ फिरते, गाडी झेप घेते. इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये तर इंजिनाचा आवाजही नसतो, गाडी चालू आहे हेच विसरायला होतं. गाडी थांबली की बटण बंद, ढकलायची असेल तर चावी बंद, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. दुसरा प्रसंग घाटाचा. दिवेघाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे लोक आहेत. रेस बंद असली तरी इंजिन चालू असेल तर पट्ट्यामार्फत ते मागच्या चाकाला थोडं रोखून धरतं. ते बंद केलं की सगळा भार एकट्या ब्रेकवर, आणि सतत दाबून धरलेला ड्रम तापला की त्याची पकड ढिली पडते. शिवाय इंजेक्शनच्या गाडीत उतारावर रेस सोडल्यावर पेट्रोल आपोआप आटतंच. वाचत काही नाही.

चाकाच्या आकाराचा विचारही इथेच करावा. दहा इंची रिमवरचं टायरसकट चाक उंचीला त्रेचाळीस-चव्वेचाळीस सेंटिमीटर भरतं, मोटरसायकलचं साठच्या वर. ज्या खड्ड्यावरून मोटरसायकल हिसका देऊन निघून जाते त्यात स्कूटरचं चाक खोल उतरतं आणि समोरच्या कडेला आपटतं. म्हणून स्कूटरवर नजर लांब हवी आणि हवा बरोबर हवी. सामान्यपणे पुढे २२, मागे एकट्यासाठी २९ आणि डबलसीट ३६ पीएसआयच्या आसपास आकडे असतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा स्टिकरवर किंवा पुस्तिकेत छापलेला असतो. पेट्रोलपंपावर "चाळीस-चाळीस मार" असं सांगून मोकळं होणं म्हणजे आधीच गुळगुळीत असलेल्या नव्या टायरची रस्त्यावरची जागा आणखी कमी करणं. हवा आठवड्यातून एकदा, सकाळी, टायर थंड असताना बघावी.

पहिली सर्व्हिस बहुतेक कंपन्यांची पाचशे ते हजार किलोमीटर किंवा महिनाभर, जे आधी होईल ते, अशी असते. ती चुकवणारे पुष्कळ, कारण "फ्री सर्व्हिस म्हणजे नुसतं पाणी मारतात" ही तक्रार. ऑइलचे पैसे तर द्यावेच लागतात. तक्रारीत काही ठिकाणी तथ्य असेलही, पण म्हणून सर्व्हिस टाळणं हे उत्तर नाही, समोर उभं राहून ती करून घेणं हे उत्तर आहे. अनेक स्कूटरमध्ये कागदी ऑइल फिल्टर नसतो, नुसती जाळी असते. ती रुपेरी भुकटी जाळीतून आरपार जाते आणि ऑइल बदलेपर्यंत इंजिनातच फिरत राहते. म्हणून पहिलं ऑइल वेळेवर बदलणं हे आयुष्यभराच्या सगळ्या ऑइल बदलांपेक्षा मोलाचं. ऑइल घेताना डब्यावर एमबी की एमए ते पाहावं. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यासाठी एमए. स्कूटरचा क्लच कोरडा, तिला एमबी चालतं. त्याच वेळी दोन्ही ब्रेकची लिव्हर पुस्तिकेप्रमाणे सेट करून घ्यावी, चाकांचे नट आणि हँडलचे बॉलरेसर तपासून घ्यावेत. नव्या गाडीत हे सगळं थोडं ढिलं होतंच. मागच्या चाकाच्या गिअरपेटीतलं शंभर-सव्वाशे मिलिलिटरचं वेगळं ऑइल विसरलं जातं, त्याची मुदत विचारून लिहून ठेवावी. पट्ट्याचीही मुदत असते. तो तुटला तर इंजिन चालू राहतं, पण गाडी पुढे जात नाही.

हेल्मेटविषयी पुण्यात जेवढा वाद झाला तेवढा क्वचित कुठे झाला असेल. उकाडा होतो, मान दुखते, जवळच तर जायचं आहे, असे मुद्दे येतात. उकाडा खरा आहे. पण केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो, की हेल्मेटने मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. "जवळच जायचंय" याला उत्तर भौतिकशास्त्राचं आहे. स्कूटरवर बसलेल्याचं डोकं जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास असतं. गाडी जागच्या जागी कलंडली तरी तिथून पडणारं डोकं रस्त्यावर आपटतं ते ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने. अंतराचा त्यात काही भाग नाही. आयएसआय खूण पाहून घ्या, आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. न लावलेलं हेल्मेट डोक्याआधी उडून जातं.

आपल्या घरांत स्कूटर एकाची नसते. सकाळी बाबा ऑफिसला नेतात, दुपारी आई भाजीला, संध्याकाळी ताई क्लासला. मीटरवर हजार किलोमीटर दिसले तरी आईने त्यातले कदाचित साठच चालवलेले असतात. इंजिनाचं रनिंग-इन संपलेलं असतं, तिचं सुरूही झालेलं नसतं. आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती तर ही चावी द्यायचीच नाही. कायद्याने त्याला ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचाच परवाना मिळतो, आणि दारातली गाडी ११० सीसीची आहे. घरातल्या ज्याला चावी द्याल त्याला आधी गल्लीतच दहा मिनिटं चालवू द्या, दोन्ही ब्रेक चार वेळा लावून पाहायला सांगा, आणि लिव्हर मुठीला टेकत असेल तर ते त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.